जखम भरली; पाय बरा झाला का?

सर्जन : पायावरची न भरणारी जखम घेऊन माणूस येतो तेव्हा त्याच्या पिशवीत मलमांच्या ट्यूबा असतात, पावडरीचे डबे असतात, चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या असतात. त्या चिठ्ठ्यांत एक नोंद मात्र बहुधा सापडत नाही : या पायात रक्त कसं येतं आणि कसं परत जातं. माझा सगळा आग्रह तेवढ्यासाठी आहे, सिस्टर. जखम कातडीवर दिसते, पण दुखणं कातडीचं नसतं. धमन्या अरुंद होऊन रक्त खाली पोचेनासं झालं की बोटं, टाच, पायाची कड इथली कातडी मरते. रक्त खाली पोचतं, पण शिरांतून वर परतत नाही, तेव्हा घोट्याच्या वर, बहुतेकदा आतल्या बाजूला, कातडी आधी तपकिरी होते, मग टणक होते, खाजते, आणि एखाद्या दिवशी खाटेचा कोपरा लागल्याचं निमित्त होऊन फुटते. दोन्हींना आपण जखमच म्हणतो, पण दोन्हींची कारणं एकमेकांच्या उलट आहेत. तरीही दोन्हींवर तेच औषध लावून तीच पट्टी गुंडाळली जाते.

सिस्टर : तुमचं म्हणणं खोटं नाही, डॉक्टर. पण तुम्ही कारणासमोर बसता आणि मी जखमेसमोर. पट्टी सोडली की पाणी गळत असतं, वास येत असतो, आणि घरात आपलं अंथरूण वेगळं झालंय हे तो माणूस मान खाली घालून सांगत असतो. त्याला मी शिरा आणि धमन्या समजावून सांगितल्या, तपासणीचा कागद हातात दिला, तरी उद्या सकाळी त्याच्यासाठी काय बदलतं? पंधरा वर्षं जखम बाळगणारी माणसं पाहिली आहेत मी. कारण सांगणारे त्यांना पुष्कळ भेटलेले असतात. म्हणून नवीन कारण सांगणाऱ्यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही, आणि माझाही नाही.

सर्जन : उद्या सकाळपासूनच बदलतं, ते कसं सांगतो. उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याचे ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब असतो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचं वजन तिथे येतं. निरोगी माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू आवळतात, रक्त वर ढकललं जातं, शिरांतल्या झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत, आणि हा दाब ३०च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. झडपा निकामी झाल्या, किंवा पूर्वी कधी खोल शिरेत गुठळी होऊन गेली असेल, तर माणूस चालला तरी दाब उतरत नाही. वर्षानुवर्षं उतरत नाही. बारीक केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, तांबड्या पेशी झिरपतात. त्या पेशींतलं लोह कातडीत साचतं. तोच तो तपकिरी डाग. अशा कातडीवर कितीही महाग मलम लावा, आतला दाब तसाच राहतो. त्याला बाहेरून तोलावं लागतं : घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर दाब, आणि गुडघ्याकडे जाताना कमी कमी. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या अमेरिकेतल्या एका इंजिनिअरला स्वतःलाच शिरांचा हा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना आराम वाटतो हे त्याच्या ध्यानात आलं. पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त, म्हणजे घोट्याशी सर्वांत जास्त. त्यावरून विसाव्या शतकाच्या मध्याला त्याने खालून वर दाब कमी होत जाणारे मोजे बनवले. उपचाराचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. या दाबाने जखम लवकर भरते, हे अनेक चाचण्या एकत्र तपासूनही दिसलेलं आहे. मलमांबद्दल असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

सिस्टर : तत्त्व मला मान्य आहे. आता ते कुणाच्या पायात घालायचं ते पाहू. एस.टी.चा वाहक, वाहतूक पोलीस, लग्नातला आचारी, केस कापणारा, कापडाच्या दुकानात दिवसभर साड्या उलगडणारी बाई. विदर्भातल्या मे महिन्यात दाबाची चार थरांची पट्टी गुडघ्यापर्यंत बांधून बघा. कोकणात भातलावणीला चिखलात उतरणाऱ्या बाईला सांगून बघा की आठवडाभर पट्टी ओली होऊ द्यायची नाही. ती बाई अडाणी नाही. लावणीचे दिवस गेले तर वर्षाचं धान्य गेलं, हा हिशेब तिला पक्का कळतो. मग ती रात्री पट्टी सोडून ठेवते, आणि आपण केसपेपरवर लिहितो : रुग्ण सहकार्य करत नाही. असा शेरा लिहायला माझा हात कचरतो. ज्या उपचाराला रुग्णाचा दिवस ठाऊक नाही, तो उपचार अपुरा आहे असं मी म्हणेन.

सर्जन : हे मी मान्य करतो. पण एक प्रश्न विचारू द्या. तिने पट्टी सोडली हे खरं. ती नीट बांधलेली होती का? बाजारातलं क्रेप बँडेज बहुतेक ठिकाणी पोटरीवर घट्ट आणि घोट्याशी सैल बांधलं जातं, म्हणजे नेमकं उलट. मग पाय वरून आवळला जातो, पाऊल सुजतं, आणि पट्टीने त्रास वाढला असं पेशंट म्हणतो. ते बरोबरच असतं. खरं तर भौतिकशास्त्र इथे आपल्या बाजूचं आहे. ताण सगळीकडे सारखा ठेवला तर जिथे घेर कमी तिथे दाब आपोआप जास्त पडतो. घोटा बारीक, पोटरी जाड. म्हणून बोटांच्या मुळापासून सुरुवात करून, टाच झाकून, गुडघ्याखालपर्यंत एकसारख्या ताणाने गेलं की पुरतं. नडगीच्या हाडावर आणि घोट्याच्या उंचवट्यांवर आधी कापसाचा थर हवा, नाहीतर तिथली कातडी दाबाने मरते. हे शिकवायला फार वेळ लागत नाही. आपण शिकवतच नाही.

सिस्टर : मग ऐका, आता मी तुमच्याच पुस्तकांतलं सांगते. ती चार थरांची पट्टी लंडनमधल्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात १९८०च्या दशकात तयार झाली. त्याच शहरात वस्तीपातळीवर पायाच्या जखमांचे दवाखाने काढले, पट्ट्या बांधायचं काम प्रशिक्षित नर्सेसकडे आलं, आणि १९९२मध्ये त्याचे आकडे छापून आले. दवाखाने निघण्यापूर्वी शिरांच्या जखमांपैकी १२ आठवड्यांत जेमतेम २२ टक्के भरत होत्या. नंतर ६७ टक्के भरू लागल्या. औषध नवं नव्हतं, शस्त्रक्रिया नव्हती. जागा ठरलेली, दिवस ठरलेला, बांधणारे हात शिकलेले, आणि दर आठवड्याला तेच ओळखीचे चेहरे. हे ज्याने साधलं त्याला मी उपचार म्हणते. आणि म्हणून मला तुमच्या दुसऱ्या आग्रहाची भीती वाटते. हल्ली तुम्ही म्हणता, आधी लेसरने खराब शीर बंद करा. तालुक्याच्या गावात पट्टी बांधणारा माणूस नाही, आणि आपण शहरातल्या लेसरची गोष्ट सांगतो.

सर्जन : लेसरची गोष्ट मी हौसेने सांगत नाही. इंग्लंडमध्ये ४५० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांना दाबाची पट्टी होतीच. अर्ध्या रुग्णांची खराब शीर लगेच बंद केली, अर्ध्यांची जखम भरेपर्यंत किंवा सहा महिने थांबून. लगेच केलेल्यांची जखम भरायला मध्यकाने (मीडियन) ५६ दिवस लागले, थांबलेल्यांची ८२ दिवस. त्याआधीच्या, ५०० रुग्णांच्या एका चाचणीत शीर काढल्याने जखम लवकर भरली नाही. दोन्ही गटांत २४ आठवड्यांना ६५ टक्केच भरल्या. पण वर्षभरात जखम पुन्हा उघडण्याचं प्रमाण नुसत्या पट्टीने २८ टक्के होतं, शस्त्रक्रियेसह १२. पट्टी बाहेरून दाब तोलते. ती सुटली की आतला दाब पुन्हा मोकळा. मग त्याचं मूळच बंद का करू नये?

सिस्टर : कारण तुम्ही अर्धेच आकडे वाचून दाखवलेत. ५६ आणि ८२ दिवसांच्या त्याच चाचणीत थांबलेल्या गटातल्याही ७६ टक्के जखमा २४ आठवड्यांत भरल्या. लगेच शीर बंद केलेल्यांच्या ८६. म्हणजे नीट बांधलेल्या पट्टीनेच बहुतेकांचं काम झालं होतं. आणि तिथे सहा महिन्यांहून जुनी जखम असलेल्यांना घेतलंच नव्हतं. माझ्याकडे येणारे जखमेचं वय महिन्यांत सांगत नाहीत, मुलीच्या लग्नापासून सांगतात. तुमच्या दुसऱ्या चाचणीचा पुढचा भागही सांगा : चार वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीसुद्धा ३१ टक्क्यांच्या जखमा परत आल्या.

सर्जन : आणि न झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांच्या. शंभरातली पंचवीस माणसं त्या फरकात आहेत, सिस्टर. आणि ५६ दिवस की ८२ दिवस, हा फरक रोजंदारीवरच्या माणसाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल. जवळजवळ महिन्याची मजुरी आहे ती. गरिबाच्या आवाक्यात नाही म्हणून त्याच्यासाठी पट्टीच पुरेशी, इथवर आपण सहज येतो. ते मला पटत नाही. आवाक्यात आणण्यासाठी भांडू. पण जुन्या जखमांबद्दलचा तुमचा आक्षेप मी खोडू शकत नाही. तिथे पुरावा तोकडा आहे, हे खरं.

(दोघांचं इथवरचं बोलणं शिरांच्या जखमांबद्दल झालं. त्यात चुकलं तर वेळ जातो, पैसा जातो. पुढच्या भागात चुकलं तर पाय जातो. म्हणून वाचकाने इथे जरा सावकाश जावं असं मला वाटतं.)

सर्जन : रक्तप्रवाह आधी मोजा असं मी म्हणतो, ते लेसरसाठी कमी आणि दुसऱ्या भीतीसाठी जास्त. ज्या पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत, त्या पायात रक्त मुळातच कमी दाबाने उतरतं. त्यावर ४० मिलिमीटरची पट्टी घट्ट बांधली तर उरलेलं रक्तही अडतं. एका माणसाची जखम भरून आणणारी पट्टी दुसऱ्याला अँप्युटेशनपर्यंत नेऊ शकते. हे टाळायला यंत्रसामग्री फार लागत नाही. रक्ताचा प्रवाह ऐकवणारा, खिशात मावणारा डॉपलर आणि ब्लडप्रेशरचा पट्टा. घोट्याशी वरचा दाब मोजायचा, दंडाशी मोजायचा, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. ०.९ ते १.३ आलं तर ठीक. ०.८च्या खाली पूर्ण दाबाची पट्टी नको. कमी दाब द्यायचा तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. ०.५च्या खाली पट्टीचा विषयच नाही, आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे.

सिस्टर : असा पाय मी डॉपलरशिवाय ओळखते. शिरांची जखम असलेला माणूस पाय उशीवर ठेवला की सुखावतो. धमनी बंद असलेला माणूस रात्री उठून बसतो, पाय खाटेखाली लोंबकळत ठेवतो, तसाच बसल्या बसल्या झोपतो. पाऊल गार असतं, वर उचललं की पांढरं पडतं, खाली सोडलं की लालसर-जांभळं होतं. त्यातला पस्तिशीचा पोरगा असला तर मी आधी त्याचा खिसा बघते. बिडी किंवा तंबाखू असतेच. अशा किती पोरांची बोटं एकेक करून जाताना पाहिली. त्यांना मी सरळ सांगते, बाबा, निम्मी कमी करून भागणार नाही, ती पार सुटली तरच पाय राहील.

सर्जन : न्यूयॉर्कच्या लिओ बर्गरने १९०८मध्ये ज्या रोगाचं सविस्तर वर्णन केलं, तोच हा. आणि त्यावर तंबाखू पूर्ण सोडण्याइतका खात्रीचा उपाय आजही नाही, हे तुम्ही बरोबर सांगता. तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे. पण नजर दोन ठिकाणी फसते. सुजलेल्या पायात बोटांना नाडी लागत नाही, आणि शिरांच्या जखमेचा पाय सुजलेलाच असतो. दुसरं म्हणजे मधुमेह. जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत चुना साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दाबल्या जात नाहीत, आणि आकडा १.३च्याही वर येतो. कागदावर उत्तम रक्तपुरवठा, प्रत्यक्षात उपाशी पाऊल. तिथे अंगठ्याचा दाब वेगळा मोजावा लागतो. त्यातून मधुमेहाने संवेदना गेलेली असेल तर माणूस रात्री उठून बसतही नाही, कारण त्याला दुखतच नाही. तुमची सगळ्यांत पक्की खूण तिथे हातची जाते.

सिस्टर : हे मात्र खरं. मधुमेहाच्या पायाने मलाही घाबरायला शिकवलंय.

सर्जन : आणि ही सावधगिरी परदेशातून आलेली नाही. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत, पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार आहेत, आणि त्याच अध्यायात कोणत्या व्रणांना पट्टी बांधू नये याचीही यादी आहे. मधुमेह्याच्या पिटिका, म्हणजे पुळ्या, त्या यादीत आहेत. त्या काळात धमनीचा दाब कुणी मोजत नव्हतं, पण बांधण्याआधी थांबून विचार करायचा, ही शिस्त होती. आज ड्रेसिंगच्या टेबलावर ती शिस्त कुठे दिसते?

सिस्टर : टेबलावरच्या शिस्तीचं विचारता, तर मग तिथे जे असू नये तेही सांगा. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली मला आजही हातात देतात. फेस आला की जखम स्वच्छ झाली असं पेशंटलाही वाटतं.

सर्जन : नवीन येणाऱ्या नाजूक पेशींनाही ते जाळतं. स्वच्छ पाणी किंवा सलाईन पुरतं. निओमायसिनसारख्या मलमांची या कातडीला ॲलर्जी फार लवकर होते; जखमेभोवती पुरळ उठतं आणि आपण त्याला इन्फेक्शन समजून आणखी मलम लावतो. स्वॅब पाठवला की त्यात जंतू सापडणारच, कारण प्रत्येक उघड्या जखमेवर ते असतात. ताप, पसरणारी लाली, वाढती वेदना असेल तरच पोटातून अँटिबायोटिक. आणि एक काम आपण नेहमी विसरतो. वर्षानुवर्षं भरत नसलेल्या जखमेची कड उंच, टणक होऊ लागली तर तिचा तुकडा तपासायला पाठवायचा. जुन्या जखमेत कर्करोग होतो. थोड्यांनाच होतो, पण ज्यांना होतो त्यांचा वेळ आपण ड्रेसिंगमध्ये घालवलेला असतो.

सिस्टर : हे सगळं झालं असं धरू. दाब मोजला, पट्टी शिकलेल्या हातांनी बांधली, शीर बंद केली, जखम भरली. तुम्ही फाईल बंद करता. माझा प्रश्न तिथे सुरू होतो. तो वाहक परत गाडीवर जातो, ती बाई परत काउंटरमागे दहा तास उभी राहते. दाबाचा मोजा आता कायम घालायचा, आणि तो सहा महिन्यांत ढिला पडतो. परत विकत कोण घेणार? दुकानात काम करणाऱ्या बायकांना कामाच्या वेळेत बसता यावं म्हणून केरळने २०१८मध्ये कायदा बदलला, तमिळनाडूने २०२१मध्ये. कापडाच्या दुकानातल्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या होत्या. मला विचाराल तर पायाच्या जखमांसाठी झालेल्या कामांत हेही मोजायला हवं. दिवसभर उभं राहायला लावणाऱ्या मालकाला एक शब्द न बोलता आपण फक्त त्या बाईला मोजा घाल म्हणून सांगतो, याचा मला राग येतो.

सर्जन : रागात मी तुमच्याबरोबर आहे. पण डॉक्टर म्हणून एक दुरुस्ती करतो : नुसतं स्टूल देऊन भागत नाही. पाय खाली सोडून बसलं तरी पोटरी काम करत नाही. मध्ये मध्ये चालणं, टाचा उचलणं, आणि दिवसातून काही वेळ पाय हृदयाच्या वर ठेवून आडवं होणं, हे हवं. ज्यांना झडपांचा दोष आहे त्यांना चांगली नोकरी मिळाली तरी दोष राहतोच. म्हणून मी शिरेचा आग्रह सोडणार नाही.

सिस्टर : आणि घरी स्वयंपाकाला उभ्या असलेल्या बाईला दुपारी पाय वर करून आडवं होऊ दिलं जात नाही, म्हणून मी माझा सोडणार नाही. आधी शिकलेले हात की आधी शस्त्रक्रिया, यावर आपलं जमणार नाही, डॉक्टर. ते पैसे कुठे घालायचे याचं भांडण आहे आणि ते व्हायलाच हवं. पण डॉपलरचं तुम्ही मला पटवलंत. तो माझ्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर हवा, तुमच्या ओपीडीच्या कपाटात नको.

सर्जन : ट्रॉलीवर ठेवू. वापरायला तुमच्या नर्स मुलींना मी शिकवतो. त्या मला पट्टी शिकवतील. माझ्या हातची पट्टी घसरते, हे तुम्ही पाहिलंयच.

सिस्टर : पाहिलंय. आणि जे अजून आपल्यापर्यंत आलेच नाहीत, त्यांना माझं सांगणं : गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरायला लागली नाही तर मलम बदलत बसू नका. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून दाखवा, तंबाखू आणि शुगरबद्दल खरं सांगा, आणि कुणीही घट्ट पट्टी बांधायला घेतली तर आधी घोट्याचा दाब मोजलाय का, ते विचारा.